नकाराचं बटण

झाशी द्यायला साफ नकार देणाऱ्या राणीचं नाव दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगराला आहे. इथल्या सरकारी क्वार्टरांतले साहेब ऑफिसात साधी फाईलही शेरा मारल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. घरी कुकरची किंमत बघायला वेबसाइट उघडली, की मात्र 'सर्व कुकीज स्वीकारा'वर डोळे झाकून अंगठा! ते बटण ठसठशीत निळं. शेजारचं 'पसंती निवडा' इतकं फिकट, की चष्मा शोधावा लागतो.

१९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद, काढली ती गिऱ्हाईक वेबसाइटच्या लक्षात राहावं म्हणून. लॉगिन टिकतं, टोपलीतला माल राहतो, ते हिच्यामुळेच. खोडी पानावर जाहिराती टाकणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या कुकीत असते. कुकर घरात येऊन त्यात वरणभात शिजला, तरी बातम्यांच्या पानावर कुकरची जाहिरात हजर.

फ्रान्सच्या डेटा संरक्षण नियामकाने जानेवारी २०२२मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. गुन्हा काय, तर होकार एका क्लिकवर आणि नकाराला हेलपाटे. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं असावं असं लिहिलंय. लिहिलंय.

सफारी ब्राउझर २०२०पासून तिसऱ्या कंपन्यांच्या या उपऱ्या कुकीज आपणहून अडवतो. क्रोममध्ये सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात जाऊन त्या बंद करता येतात. सरसकट सगळ्याच पुसल्या तर जागोजागी पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि साहेबांचे पासवर्ड पुण्यातल्या लेकीलाच पाठ असतात.