अर्धपावाची बचत

हे मार्गदर्शन सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या लग्नांपुरतंच आहे. पुण्याच्या मंडळींना सगळं आधीच माहीत असतं, त्यांनी वाचायची तसदी घेऊ नये.

तुळशीची लग्नं उरकली की लोक तारखा धरायला येतील, त्याआधी मिररलेस कॅमेरा घ्यायचा असं तुमचं ठरलेलं दिसतंय. मान धरते, पाठ बोलते, आणि सकाळी साताऱ्याचा मुहूर्त नि संध्याकाळी सांगलीची हळद अशा दोन ऑर्डरी एका दिवसात घेतल्या की गुडघेही तक्रार करतात. ठीक. आधी यंत्र समजून घ्या. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि बटण दाबलं की खटकन उचलला जातो. हा आरसा काढून टाकला आणि सेन्सरला जे दिसतं तेच डोळ्यासमोरच्या इवल्या स्क्रीनवर दाखवलं, की झाला मिररलेस. पॅनासोनिकने २००८ साली लुमिक्स जी१ आणून याची सुरुवात केली. कॅनन आणि निकॉनचे फुल फ्रेम मिररलेस यायला २०१८ उजाडलं.

आता वजन करा. कॅननचा ५डी मार्क ४ बॅटरी आणि कार्डासकट ८९० ग्रॅम भरतो. आर६ मार्क २ भरतो ६७० ग्रॅम. २२० ग्रॅम वाचले! पण लगेच पेढे वाटू नका. लग्नात दिवसभर जी लावायची ती २४-७० एफ २.८ लेन्स जुन्या माउंटची ८०५ ग्रॅमची होती, नवी ९०० ग्रॅमची आहे. म्हणजे निव्वळ बचत १२५ ग्रॅम, अर्धपाव. साताऱ्यात अर्धपाव कंदी पेढे मागितले तर दुकानदार विचारतो, "चव बघायला पाहिजेत का?" जुनीच लेन्स ठेवायची म्हणाल तर मधे ११० ग्रॅमचा अडॅप्टर येतो. ७०-२००मध्ये मात्र खरा फरक आहे. जुनी १४८० ग्रॅम, नवी १०७०. तिची किंमत विचारताना तेवढं बसून घ्या.

बॅटरीचं गणित करा. कंपनीच्या आकड्यांनुसार व्ह्यूफाइंडरला डोळा लावून ५डी मार्क ४ एका बॅटरीत ९००च्या आसपास फोटो काढतो, आर६ मार्क २ वीज वाचवण्याच्या सेटिंगवर ४५०च्या आसपास. सलग धडाधड काढले की दोन्हीत जास्त निघतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतचं लग्न जुन्यापेक्षा निम्म्या दमाच्या बॅटरीवर निभत नाही. म्हणून खिशात दोन जादा बॅटऱ्या, शिवाय चार्जर, शिवाय कार्यालयातला एकमेव प्लग केटररने मिक्सरला घेतलेला असतो म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड. अर्धपाव परत आला.

सगळ्यात अवघड पायरी म्हणजे मुलीचे काका. पॅकेज त्यांनीच ठरवलेलं असतं, इसार त्यांच्याच हातून आलेला असतो, आणि फोटोग्राफरची लायकी ते कॅमेऱ्याच्या आकारावरून ओळखतात. तुम्ही तो सुबक नवा कॅमेरा घेऊन मांडवात शिरलात की काका थांबवतील. "काय पावणं, मोठा कॅमेरा गाडीतच ऱ्हायला का?" सेन्सर तेवढ्याच आकाराचा आहे, कितीही डोकं आपटलंत तरी हे त्यांना पटणार नाही. तिथे डोळ्यांवरचा फोकस, आठ स्टॉपचं स्टॅबिलायझेशन वगैरे बोलू नका. स्टॅबिलायझेशनचा विषय पेठनाका-सांगली रस्त्यावरून वर्षानुवर्षं ये-जा केलेल्या माणसापुढे तर मुळीच काढू नका. सरळ बॉडीखाली बॅटरी ग्रिप लावा, लेन्सवर मोठं हूड चढवा, फ्लॅश डोक्यावर बसवा. काका समाधानाने मान हलवतील. कॅमेरा आता जुन्यापेक्षा जड झालेला असेल, पण उरलेले पैसे वेळेवर मिळतील.

मंगलाष्टकं. नवा कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला ४० फोटो काढतो, तेही बिनआवाज. या सोयीला भुलू नका. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, तुम्ही चार सेकंद बोट दाबून धरलंत, आणि नेमक्या त्या क्षणी मामा मधे आले तर मामांच्या फेट्याचे १६० फोटो होतात. ते रात्री निवडत बसायचं कुणी? दुसरं, हे शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतं. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला ५०, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. कुठली ओळ उजेडात वाचली जाते, कुठली अंधारात, आणि पैठणीवर विणकराने न विणलेले पट्टे उमटतात. एलईडी वॉलपुढे तर विचारूच नका. स्टेजवर मेकॅनिकल शटरच ठेवा. ग्रुप फोटोत त्याचा आणखी एक फायदा आहे. खटक् ऐकू आल्याशिवाय आत्याबाई हसू सोडत नाहीत. "काढला का?" "काढला." "मग वाजला कसा नाही?"

हळदीला वेगळी काळजी घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती उगाच नव्हे. ती अंगावरून निघते, कपड्यांवरून निघत नाही आणि सेन्सरवर बसली तर प्रत्येक फोटोत ठिपका होऊन राहते. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा. आडोसा द्यायला आरसा नाही. मेनूत शोधलंत तर कॅमेरा बंद करताना शटर मिटण्याची सोय सापडेल, ती चालू ठेवा. पण त्या मिटलेल्या शटरला बोट लावू नका, ते पापुद्र्यासारखं असतं. लेन्स बदलायची तर हळदीपासून लांब, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. त्याहून बरं, बदलूच नका, दुसरी बॉडी घ्या. वजन? त्याचं आपण वर बोललोय.

वरातीबद्दल मात्र थट्टा नाही. डॉल्बीच्या गाडीवर लेझर असतात आणि लेझरचा झोत थेट लेन्समध्ये आला तर सेन्सर जळू शकतो. मग फोटोभर रंगीत रेघ उभी राहते, ती कुठल्याच सेटिंगने जात नाही. डीएसएलआरमध्ये फोटोच्या क्षणापुरता सेन्सर उघडा पडायचा, नाहीतर पुढे आरसा आणि शटर. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत टक लावून बघतच असतो. डॉल्बीकडे पाठ करा, नवरदेवाचे मित्र कसे नाचतात ते टिपा. लेझरवाल्याला दिवा वर करायला सांगता येतं, पण त्याला ऐकू येत नाही.

राहिला जुना कॅमेरा. तो विकू नका. सेकंड हँडचा भाव पडलाय, आणि त्याचं खरं काम आता सुरू होतं. ग्रिप, फ्लॅश आणि ७०-२००सकट तो तुमच्या पोऱ्याच्या गळ्यात अडकवा आणि त्याला स्टेजसमोर मधोमध उभा करा. सगळं गणगोत पदर-फेटे सावरून त्याच्याकडे बघून ताठ उभं राहील, काका त्यालाच सूचना देतील. तुम्ही नव्या कॅमेऱ्याची ग्रिप काढा, हूड काढा, बाजूला खांबापाशी थांबा. पोऱ्याने "झालं" म्हणून कॅमेरा खाली घेतला की वहिनी नणंदेच्या कानाशी लागते, आजी नवरीची मुंडावळी नीट करते, काका घाम पुसत बिलाची बेरीज आठवतात. तेव्हा बटण दाबा. अल्बममध्ये ही पानं कॅन्डिड म्हणून वेगळी लावा आणि त्यांचे वेगळे पैसे घ्या. पोऱ्याच्या कार्डावर आलेले फोटोही द्या, काका तेच फ्रेम करतील.