माव्यापुरतं आभाळ

जळगावात उजेडाची टंचाई आहे असं म्हटलं, तर लोक आधी तुमच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवतील. मे महिन्यात पारा 45 कडे सरकला की आम्ही खिडक्यांना गोणपाट लावून उजेडाला घराबाहेर ठेवतो. तरीही भरताच्या वांग्याच्या पानामागे दडलेल्या मावा या किडीचा जवळून फोटो काढायला जा, म्हणजे पटेल की इथला सूर्य फारच लहान आहे.

थट्टा नाही. व्यास 14 लाख किलोमीटर असेलही, पण स्वारी बसलीय 15 कोटी किलोमीटरवर. आभाळात त्याचा ठिपका जेमतेम अर्ध्या अंशाचा. तिथून येणारा उजेड शेवभाजीच्या तर्रीसारखा थेट झोंबतो. चकाकी पांढरीफटक, सावली काळीकुट्ट. उलट एक-दोन मिलिमीटरच्या माव्यासमोर चार बोटांवर तळहाताएवढा बटर पेपर धरा आणि मागून उजेड सोडा. झालं त्याच्यापुरतं ढगाळ आभाळ! शास्त्र एवढंच. पुढचं सगळं भंगार.

आणि भंगारात खानदेश कुणाला हार जाणार नाही. ठिबकची 16 मिलिमीटरची जुनी नळी घ्यावी, आत जाड तार सरकवावी, की दिव्याचा हात हवा तसा वळतो. केळी वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू उजेड परतवायला उत्तम (पाकीट रिकामं करण्याचं काम घरच्यांनी मनोभावे केलं). बटर पेपर मात्र सहज मिळाला नाही. "अहो, तो नानकटाईसाठी आणलाय. आधी नानकटाई, मग तुमचे किडे."

दिवा कोणता, यावर धुळ्याच्या मेहुण्यांचं मत तयारच होतं. त्यांची मतं कायम तयार असतात. "फ्लॅश कशाला? नऊ वॅटचा एलईडी लावा." आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, स्वस्त एलईडी त्या तालावर प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा डोळे मिचकावतो. फोटोत माव्याच्या अंगावर चट्टेपट्टे उमटले. मेहुणे म्हणाले, "जात वेगळी असेल."

शेवटी जुना फ्लॅशच बांधला. कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकी टिकते, त्यामुळे वाऱ्याने हलणारं पानही जागच्या जागी गोठतं. तरी एवढ्या जवळून अंगाचा थोडाच भाग स्पष्ट येतो. माव्याच्या मागच्या पायांची आशा सोडावी.

हे सगळं घेऊन धुळ्याजवळच्या एका शेतात बसलो, तर शेतमालक मागे येऊन उभे. "फोटो काढीसन काय व्हई भो? फवारा मार."

मी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. माव्याच्या मागून गोड थेंब येत होता आणि मुंगी तो पीत होती.

"मुंगी त दूध काढी ऱ्हायनी!" त्यांनी फवाऱ्याचा पंप खाली ठेवला, टोपी सरळ केली. "आते मना बी एक काढ."

पण माव्याचं आभाळ त्यांच्या एका मिशीलाही पुरेना. मग विहिरीवर वाळत घातलेलं त्यांचंच धोतर आणलं. एक टोक सालदाराच्या हातात, दुसरं मेहुण्यांच्या. मेहुण्यांचं मत होतं की धोतर जरा डावीकडे हवं.