बारा गावचं पाणी

आजोबांच्या म्हाळाला गावी गेलो होतो. गाव लोणी भापकर, तालुका बारामती. बारामती म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऊस, द्राक्षं आणि तुडुंब वाहणारा कालवा उभा राहतो. ती बागायती बारामती. आम्ही मोरगाव-सुप्याकडच्या जिरायती अंगाचे. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात आल्या आल्या पाण्याचा तांब्या देतात, तो रिवाज म्हणून असेल. मला लहानपणापासून त्यात थोडी श्रीमंती दाखवल्याचा वास येतो.

मुलांचे क्लास होते, म्हणून एकटाच गेलो. एकटाच म्हणजे मी आणि नवी गाडी. काळीभोर. वर वेगळे पैसे मोजून सिरॅमिक कोटिंग केलेली. ‘साहेब, माशी बसली तरी घसरेल,’ असं सांगून ते माझ्या गळ्यात मारलेलं होतं. लिंबाखाली लावली तर पाखरं घाण करतील, म्हणून मी ती अंगणाच्या मधोमध उन्हात लावली. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी हाही एक हेतू होता, पण तो दुय्यम.

पत्र्यावर घास ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत हात जोडून उभे राहिलो. कावळा समोरच्या विजेच्या खांबावर बसून राहिला. आजोबांची काय इच्छा राहिली असेल यावर भावकीत चर्चा सुरू झाली. तेवढ्यात गाडीच्या बॉनेटवर काहीतरी चमकलं. चतुर. एक नव्हे, जोडी. पुढे नर, त्याने शेपटीच्या टोकाने मागच्या मादीचं डोकं पकडलेलं, आणि दोघं मिळून एकच लांबडं विमान झालेलं. ते खाली यायचं, मादी शेपटीचं टोक बॉनेटला टेकवायची, वर उठायचं, वीतभर पुढे जाऊन पुन्हा टेकवायची. पोस्टात टपालावर शिक्के मारतात, त्या तालात. टप, टप, टप.

“हे काय चाललंय?” मी जोडलेले हात सोडले.

“आंडी घालतंय,” नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे चुलते. “तुझ्या गाडीला तळं समजलंय त्ये.”

सगळी भावकी हसली. कावळाही तेवढ्यात घास घेऊन गेला. आजोबांची इच्छा बहुधा एवढीच असावी.

मला वाटलं, नानांनी आपला टोमणा मारून घेतला. पुण्याला परतल्यावर वाचलं तर त्यांचं निदान अक्षरशः खरं. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश बहुतांशी आडव्या पातळीत कंप पावतो. आपल्याला ते कळत नाही, चतुराला कळतं आणि त्यावरूनच तो पाणी ओळखतो. आता काळी, गुळगुळीत, आडवी वस्तू असली तर ती असा प्रकाश पाण्यापेक्षाही चोख परतवते. म्हणजे चतुराच्या लेखी माझं बॉनेट खऱ्या तळ्याहून जास्त तळं होतं. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी तर काळ्या, घोटीव थडग्यांवर घिरट्या घालणारे चतुर अभ्यासले. त्या संशोधनाला 2016 साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या शोधांना देतात ते पारितोषिक. त्यातच पांढऱ्या घोड्याला घोडमाश्या कमी का लागतात याचाही उलगडा होता. नानांना हे सांगितलं तर ते आपला वाटा मागतील, म्हणून फोनवर बोललो नाही.

दुसरी बातमी ब्राझीलची आणि ती माझ्या खिशाशी संबंधित. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधलं की उन्हात तापलेल्या पत्र्यावर चतुराची अंडी पडली, की त्यांतून तयार होणारं आम्ल गाडीच्या रंगावरचा चकचकीत थर खातं. मी वेगळे पैसे मोजून ज्या थरावर कोटिंग चढवलं होतं, तोच. जितकी चकाकी जास्त, तितकी अंडी जास्त. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा बैल तर हप्त्यांवर घेतलेला.

तसा चतुराचा आणि माझा हिशेब जुना आहे. शाळेत असताना आम्ही त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. मागून चवड्यांवर जायचं, श्वास रोखायचा, चिमूट पुढे न्यायची. दहातून नऊदा चतुर सुटायचा. आता कळतं की चुकत कोण होतं. त्याच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगं असतात, मोठ्या जातींत तीस हजारांच्या आसपास. डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळेच. मागून येणारं कार्टं त्याला दिसतच होतं. मजा बघत बसलेला असायचा. एकदा मात्र सापडला. मी तो दोऱ्यासकट वर्गात आणला आणि खिडकीशी बांधला. गुरुजींनी विचारलं, “हा चतुर कोणाचा?” मी उभा राहिलो. “आणि हा मूर्ख कोणाचा?” गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला विचारलं. मी दोरा सोडला. चतुर अर्ध्या हाताची शेपूट लावून खिडकीबाहेर गेला. त्या दोऱ्याबद्दल मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं.

म्हाळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्करणीवर गेलो. दत्तमंदिराजवळची ही दगडी, पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आणि तिच्या शेजारचा यज्ञवराह ही आमच्या गावची खरी मिरवायची गोष्ट. अंगभर कोरीवकाम ल्यालेला दगडी वराह. पृथ्वीला पाण्यातून वर काढणारा. पावसाळा असल्याने खाली पाणी होतं. आणि पाण्यालगतच्या पायरीला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एक वाळकं किडूक चिकटलेलं दिसलं. निरखून पाहिलं तर ती कात होती. सहा पाय दगडाला घट्ट रोवलेले, डोळ्यांच्या जागी दोन पोकळ बुडबुडे, पाठ मधोमध उसवलेली आणि त्या उसवणीतून पांढरे बारीक दोरे लोंबत असलेले. शिंप्याने घाईत टाके काढावेत तसे. ते दोरे म्हणजे आतल्या श्वासनळ्यांची अस्तरं. रात्री कधीतरी चतुर यातून उठून निघून गेला होता आणि जाताना श्वासाचे पाइपसुद्धा मागे टाकून गेला होता.

कुठे वराहाने केवढा पराक्रम केला, त्याची दगडात मूर्ती झाली. इथे एक किडा स्वतःच स्वतःला पाण्यातून वर काढतो, रातोरात जलचराचा खेचर होतो आणि त्याची दखल घ्यायला एकटा मी, तोही चहा व्हायचा होता म्हणून.

पाण्यातलं त्याचं आयुष्य काही फार सोज्वळ नसतं. पाण्यातलं पोर म्हणजे गुंड. त्याचा खालचा ओठ कोपरातून दुमडलेल्या हातासारखा हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो सटकन बाहेर येतो. पंगतीत जिलबीचं ताट समोरून जाताना आमच्या भावकीतल्या काही हातांना हा वेग साधलेला आहे. कल्ले पोटाच्या शेवटी, गुदद्वाराच्या आत. तिथूनच पाणी आत घ्यायचं, तिथूनच श्वास. आणि संकट आलं की तेच पाणी जोरात मागे सोडून रॉकेटसारखं पुढे सुटायचं. काही जातींची पोरं असं पाण्यात वर्षानुवर्षं काढतात, सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांसारखी. बॉनेटवर आली होती ती पिवळसर जात मात्र पहिल्या फटक्यात पास होणाऱ्यांतली. तिचं पाण्यातलं सगळं शिक्षण दीड-दोन महिन्यांत उरकतं. उरकावंच लागतं. ती अंडी घालते पावसाच्या डबक्यात आणि डबकं काही कुणाची वाट बघत नाही. जिरायती शेतीचं हे गणित तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

प्रपंचाच्या बाबतीत चतुर नर फार धूर्त. काही जातींत तो मादीशी जमल्यावर आधीच्या नराचं बीज साफ करतो आणि मग आपलं ठेवतो. सातबाऱ्यावरची आधीची नावं कमी करून मग आपलं चढवावं, तसं. वर पुन्हा नोंद पक्की होईपर्यंत मादीला सोडत नाही. बॉनेटवर ती जोडी एकमेकांना धरून होती ती प्रेमापोटी, असं मी समजत होतो. मादीही काही कमी नाही. आल्प्समधल्या एका जातीच्या माद्या नको असलेला नर मागे लागला की हवेतून धाडकन खाली पडून मेल्याचं सोंग करतात. तो गेला की उठून चालू लागतात. हे 2017 मध्ये छापून आलं. दुपारी नानांनी चहासाठी हाक मारली की आमची काकी गेली चाळीस वर्षं हेच करते. तिची कुठे नोंद नाही.

एवढा गुणी प्राणी, पण आपल्या देवांपैकी एकानेही त्याला वाहन म्हणून घेतलं नाही. उंदीर चालला, घुबड चाललं, कावळा चालला, शीतलादेवीला गाढव चाललं. इथे शेजारी मोरगावात तर गणपतीने उंदीर सोडून मोर घेतला, पण चतुराकडे बघितलं नाही. मला वाटतं, त्यानेच टाळलं असणार. देवाला पाठीवर घेतलं की उत्सव आले, मिरवणूक आली, वर्गणी आली. जपानमध्ये सामुराई त्याला विजयाचा किडा मानून शिरस्त्राणावर लावायचे, कारण म्हणे तो मागे हटत नाही. प्रत्यक्षात चारही पंख वेगवेगळे हलवून तो हवेत उभा राहतो आणि गरज पडली तर मागेही जातो. युरोपात त्याला सैतानाची सुई म्हणत. खोटं बोलणाऱ्या पोरांचे ओठ तो शिवून टाकतो असा धाक घालत. आपल्याकडे त्याच्या किडकिडीत चुलतभावाला, जो बसला की पंख मिटून घेतो, त्याला टाचणी म्हणतात. सैतानबितान कुणी नाही. आमच्या आज्जीचं एवढंच म्हणणं होतं की चतुर खाली उडायला लागले, की वाळवण आत घ्या.

निघायच्या दिवशी संध्याकाळी नानांबरोबर बांधावर बसलो होतो. कापलेल्या बाजरीच्या रानावर त्याच पिवळ्या चतुरांचा थवा फिरत होता. शेकड्यांनी. कुठे बसायला तयार नाहीत.

“हे कुठं जातात माहितीये का नाना?” मला एवढं मात्र आधीपासून ठाऊक होतं. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की जिथे गोड्या पाण्याचं धड डबकं नाही, त्या बेटांवर दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात कुठून? त्याने वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि 2009 मध्ये मांडलं की हे भारतातून येतात आणि उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडत आफ्रिकेकडे जातात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर. एका ग्रॅमचंही वजन नसलेला किडा. आमच्या घराण्यातलं सर्वांत लांबचं स्थलांतर म्हणजे लोणी ते हडपसर, आणि त्यालाही टेम्पो लागला होता.

“म्हंजी आपल्या डबक्यातलं आफ्रिकेत?”

“यातलं एखादं जातही असेल.”

“बारा गावचं पाणी प्यालेलं दिसतंय,” नाना म्हणाले. तंबाखू मळता मळता त्यांनी थव्याकडे नीट बघून घेतलं. “आन् परत येत्यात?”

“येतात. पण हेच नाही. हे वाटेत संपतात. पुढच्या पावसाबरोबर येतात ती यांची नातवंडं, पतवंडं.”

नाना जरा वेळ काहीच बोलले नाहीत. खाली अंगणात गाडी उन्हात लखलखत होती आणि तिच्यावर पुन्हा एक जोडी उतरली होती.

“नातवंडं येत्यात म्हण की,” ते म्हणाले, आणि बॉनेटवर टाकायला गोणपाट आणायला उठले.