स्वर्गात कुत्री चालत नाहीत
(एकपात्री प्रयोग)

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची. खुर्चीच्या पाठीला लाल नायलॉनचा पट्टा लटकतोय. पट्ट्यात कुत्रा नाही, तो प्रेक्षकांनी आहे असं समजायचं. कलाकार येतो, खिशातून जुडगा काढतो, एकेक किल्ली उजेडात धरतो.)

कोथरूड. कर्वेनगर. वारजे. आणि ही चौथी कशाची, ते आता कुलपालाही आठवत नसेल.

हा जुडगा ज्याचा, तो गृहस्थ वय वर्षे सत्तावीस, हिंजवडीत नोकरी, निर्व्यसनी, भाडं एक तारखेला सकाळी. जाहिरातीत छापावा असा भाडेकरू. दोष दोनच. एक, लग्न झालेलं नाही. दोन, कुत्रा आहे. पुण्यात यातला एखादा दोष लोक पोटात घालतात. दोन्ही एका दमात सांगितले की समोरच्याची रेंज जाते.

मित्र त्याला धर्मराज म्हणतात. महाभारतातलं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. पांडव हिमालयाकडे निघाले आणि मागोमाग एक कुत्रा निघाला. वाटेत एकेक जण पडत गेला. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. उरले धर्मराज आणि कुत्रा. पुढे इंद्र रथ घेऊन उभा. म्हणाला, तुम्ही या, बसा. कुत्रं मात्र खालीच. स्वर्गात कुत्री चालत नाहीत.

(प्रेक्षकांकडे बघून) म्हणजे ही अट घालणारा पहिला घरमालक साक्षात देवांचा राजा. निदान त्याने ब्रोकरेज मागितलं नव्हतं.

आपल्या धर्मराजाकडे चार पार्टनर होते. सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. नावं त्यानेच पाडलेली. द्रौपदीचा प्रश्न नव्हता. सोसायटीच्या नियमावलीत स्त्री पाहुण्यांना संध्याकाळी सातनंतर मनाई होती.

कुत्रा आणला अर्जुनाने. जुलैचा पाऊस, पार्किंगमध्ये स्कूटरच्या सायलेन्सरला चिकटून बसलेलं पिल्लू. तळहातावर मावेल एवढं, पोट मात्र तबल्यासारखं. अर्जुन म्हणाला, "एका दिवसात ह्याला चांगलं घर बघून देतो." मूळ कथेतला अर्जुनही असाच पडला. एका दिवसात सगळे शत्रू संपवतो म्हणाला होता.

तो एक दिवस अजून चालू आहे.

त्याच आठवड्यात आधीच्या मालकाने रंगकाम, नळदुरुस्ती आणि 'भिंतीवरचे खिळे' अशा तीन कलमांखाली सगळं डिपॉझिट गिळलं होतं. म्हणून पिल्लाचं नाव ठेवलं डिपॉझिट. उभ्या पुण्यात हाक मारल्यावर परत येणारं हे एकमेव डिपॉझिट.

(पट्टा खुर्चीवरून काढतो. चार पावलं चालतो. पट्टा मागे ओढला जातो. वळून बघतो. कुत्रा बसलाय.)

आणि हा भुंकत नाही. चोर येवो, कुरिअरवाला येवो, दिवाळीला सुतळी बॉम्ब फुटो. फक्त बघतो. एलआयसीचा एजंट बघतो तसा, सहानुभूतीने.

रविवार सकाळी अकरा. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. विषय तीन. टँकर, लिफ्ट, कुत्रा. टँकर आणि लिफ्ट चार मिनिटांत संपले.

(सेक्रेटरीचा आवाज, चष्मा कपाळावर) "तीनशे दोनमधलं जनावर भुंकतं अशी तक्रार आहे."

"भुंकत नाही हो."

"आज नाही भुंकत. उद्या भुंकेल. तेव्हा कुठे मीटिंग घ्यायची?"

इथे सहदेव उठला. सहदेवाला सगळं माहीत. काय माहीत नाही हे मात्र त्याला माहीत नाही. हातात प्रिंटआउट, पिवळ्या मार्करने रंगवलेला. "भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ. पत्रक दिनांक २६ फेब्रुवारी २०१५. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. बहुमतानेसुद्धा नाही. कुत्रा मोठा आहे, भुंकतो, ही कारणं चालत नाहीत. लिफ्ट बंद करता येत नाही."

सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, "कुठलं मंडळ म्हणालात? वर्गणीला येतात ते?"

"केंद्राचं. १९६२ साली स्थापन झालं. पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवी अरुंडेल."

"त्या कुठल्या विंगमध्ये?"

सहदेव पेटला. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली असल्या बंदीची कलमं बेकायदा ठरवली, हे त्याने सांगितलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "मग केरळात ठेवा." सहदेव राज्यघटनेवर गेला. कलम ५१-क, पोटकलम छ, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य, ४२वी घटनादुरुस्ती, १९७६. शांतता पसरली. दोन आजोबा राष्ट्रगीत आहे की काय म्हणून उभे राहिले.

मग खजिनदारांनी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मालक की भाडेकरू?"

(बराच वेळ थांबतो. प्रिंटआउटची घडी घालतो. आणखी एक घडी. खिशात मावेपर्यंत.)

संध्याकाळी मालकांचा फोन. आवाजात साखर. "अरे, कुत्र्याचं काही नाही रे, आमच्याकडेही होता. पण भाच्याचं लग्न ठरलंय. त्याला फ्लॅट लागेल." पत्रक सोसायटीला उद्देशून होतं. सोसायटीने काय करू नये ते सगळं त्यात होतं. भाच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

भाचा आजतागायत आलेला नाही. गॅलरीत 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तेवढी संसाराला लागली आहे.

सहदेव मात्र पडला. "मी तत्त्वासाठी लढलो," म्हणाला, "राहायला मावशीकडे जातो." वायफायचे तीन महिन्यांचे पैसे तत्त्वात बसत नव्हते.

नकुलाचं थोडक्यात आटपू. तो स्वतः कधीच थोडक्यात आटपत नसे. आंघोळ पन्नास मिनिटं. कपाटात अकरा काळे शर्ट. देशी कुत्र्याची झड सुरू झाली आणि अकराही शर्ट राखाडी झाले. एका शनिवारी मुलगी पाहायला म्हणून घरी गेला, तो गेलाच. जाताना बेसिनवरचा आरसा काढून नेला. पुढचे दोन महिने धर्मराज मायक्रोवेव्हच्या दारात बघून दाढी करायचा.

(खुर्ची वळवतो. आता ती मालकाचा सोफा आहे.)

कर्वेनगर. मालक काका, पांढरा झब्बा, गुरुवारचा उपास. धर्मराज यावेळी तयारीने गेलेला. फायलीत कुत्र्याचा महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीचा दाखला, जंताच्या औषधाची चिठ्ठी, पासपोर्ट साइझ फोटो. कुत्र्याची कागदपत्रं पूर्ण. भाडेकरूचं पॅनकार्ड सापडत नव्हतं.

काका फाइल बघतायत. धर्मराज भिंतीकडे बघतोय. भिंतीवर दत्तगुरू. तीन शिरं, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. चार, नीट मोजा. त्यांना ताजा हार, समोर पेढा.

"काका, तुमच्याकडे आधीच चार आहेत."

काकांनी वर पाहिलं, हात जोडले. "ते चार वेद आहेत."

"हा पाचवा समजा."

"वेदांचे केस गळत नाहीत."

(पट्ट्याकडे बघतो.) इतका वेळ डिपॉझिट पेढ्याकडे बघत होता. काकांनी ते पाहिलं, अर्धा पेढा मोडून त्याच्यापुढे ठेवला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गोड आहे हो. पण नको." पुण्यातला नकार प्रसादासकट मिळतो.

काकूंनी मध्यस्थी केली म्हणून शेवटी अकरा महिन्यांवर जमलं.

आता हे अकराच महिने का? १९०८चा नोंदणी कायदा म्हणतो, वर्षाहून मोठा भाडेपट्टा असेल तर नोंदणी करा. लोकांनी हिशेब केला, बारातून एक गेला अकरा, नोंदणी वाचली. पुढे महाराष्ट्राचा १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखीच हवा, नोंदवलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे अकराचं कारण कधीच मेलं. अकरा तेवढे मागे उरले. दर अकरा महिन्यांनी तोच एजंट, तोच लॅपटॉप, तेच अंगठ्याचं यंत्र.

(अंगठा दाबतो. पुसतो. पुन्हा दाबतो.)

हिंजवडीत दिवसभर कीबोर्ड बडवून धर्मराजाचा अंगठा झिजलेला. यंत्र घेईना. कंटाळलेल्या डिपॉझिटने टेबलावर पंजा ठेवला. एजंट म्हणाला, "ह्याचा चांगला उठला असता."

आणि अकराव्या महिन्यात काका म्हणाले, "भाच्याचं लग्न ठरलंय."

वारज्याला जाताना अर्जुन पडला. बंगळुरूला नोकरी लागली, रात्री निरोप, पहाटे विमान. धर्मराजाने विचारलं, "आणि हा?" अर्जुन म्हणाला, "अरे, आपला आहे ना तो." पिशवी उचलली तेव्हा 'आपला' होता. लशीच्या बिलाच्या वेळी टीटीएमएम, तुझं तू माझं मी.

तसा कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा, १९६०चा. प्राणी उपाशी मरेल अशा अवस्थेत टाकून जाणं हा गुन्हा. पहिल्या वेळी दंड किमान १० रुपये. जास्तीत जास्त? ५० रुपये. मिसळीची प्लेट याहून महाग आहे. अर्जुनावर तेवढाही बसला नसता, कारण त्याने कुत्रा उपाशी टाकला नव्हता. धर्मराजावर टाकला होता.

उरला भीम.

(पोट पुढे काढून चालतो.)

भीम वाईट नाही. फक्त खातो. मूळ भीमसुद्धा खाण्यावरूनच पडला, असं धर्मराज स्वतः सांगतो. मावशी सकाळी बारा पोळ्या करून जायच्या. धर्मराज येईपर्यंत डब्यात पीठ उरायचं, तेही झाकणाला लागलेलं. आपल्याकडे नामदेवांची गोष्ट आहे. कुत्र्याने पोळी पळवली, नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी नको खाऊ रे देवा. भीमाने ती गोष्ट उलटी वठवली. तूपपोळी डिपॉझिटच्या वाटीत होती. पळवली भीमाने. मागे कुत्रा धावला.

चिकूएवढं ते तोंड. काही बोलला नाही. फक्त लक्षात ठेवलं.

वारज्याचा भाचा मार्चमध्ये ठरला.

(दिवे थोडे मंद. पट्टा मनगटाला गुंडाळतो.)

नारायण पेठ. जुना वाडा, लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. खाली पाटी, 'चौकशी करू नये. केल्यास एकदाच करावी.' तिघे पोहोचले. कोपऱ्यावर वड्याचा घाणा पडला होता. भीम थांबला. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाला, "आलोच."

तोही पडला. धर्मराज आणि कुत्रा जिना चढू लागले.

वर दारात आजी. नऊवारी, हातात अडकित्ता. धर्मराजाकडे पाहिलंच नाही.

"हा भुंकतो का?"

धर्मराज उजळला. गेली तीन वर्षं पाठ केलेलं उत्तर. "अजिबात नाही, आजी! जन्मात भुंकलेला नाही. लिहून देतो."

"मग काय करू ह्याला?" (अडकित्ता मिटतो.) "दुपारी झोपते मी. कोणीही वर येतं. मागच्या महिन्यात तांब्या गेला. भुंकणारा हवा होता मला. आरती ओवाळायला नकोय."

(कलाकार खाली वाकतो. कानात) "डिपॉझिट. बाळा. एकदा." (थांबतो) "भुः." (थांबतो. आजींकडे बघत, ओशाळून) "भुः भुः."

आजी म्हणाल्या, "तुमचा छान आहे. त्याचा ऐकू द्या."

कुत्रा बघतोय. सहानुभूतीने.

तेवढ्यात जिना करकरला. एक पायरी. दुसरी. तेलाने पारदर्शक झालेला कागद आधी वर आला, त्यामागून भीम. तोंडात अर्धा वडा, हातात दीड.

(पट्टा ताडकन ताठ होतो. कलाकार दोन्ही हातांनी धरतो, मागे रेलतो, खुर्चीला अडकतो.)

आणि डिपॉझिट भुंकला! तीन वर्षांचं सगळं एकदम. तूपपोळीचं भुंकला, सेक्रेटरींचं भुंकला, न आलेल्या तिन्ही भाच्यांचं भुंकला. समोरच्या वाड्यातलं कबुतर उडालं. खालच्या पाटीवरची धूळ उडाली. भीम तीन पायऱ्या खाली, वडा दोन पायऱ्या आणखी खाली.

आजींनी कनवटीची किल्ली सोडली. धर्मराजाच्या हातावर ठेवली. मग कठड्यावरून वाकून जिन्यात बघितलं.

भीमाने खालूनच विचारलं, "आजी, मीपण राहणार होतो इथे. चालेल ना?"

(अडकित्ता उघडतो. सुपारी ठेवतो. कातरतो.)

"कुत्रा चालेल. तुमच्याबद्दल ह्याला विचारावं लागेल."

(पट्टा अजून ताठ. अंधार.)