कुंपणापलीकडचे डीनसाहेब

"काकू, ऐकलंत का? तेजपूरचा माणूस केलॉगचा डीन होता म्हणे! आठ वर्षं!"

"कुठलं तेजपूर, आसामातलं? आणि केलॉग म्हणजे ते कॉर्नफ्लेक्सवाले ना? त्यांना डीन कशाला लागतो गं?"

मेंदीच्या कुंपणाच्या पलीकडे काकू झाडांना पाणी घालत होत्या. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे निम्मी बातमी सांगितलेली त्यांना चालत नाही. अलीकडे मी. माझ्या भाच्याला अमेरिकेत एमबीए करायचंय, त्यामुळे आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही. कुठल्या शाळेचा डीन कोण, आधीचा का गेला, नवा कुठून आला, सगळं पाठ होत चाललंय. एरवी कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं हे जसं पाठ असतं तसंच.

"कॉर्नफ्लेक्सवालेच," मी म्हटलं. "पण पैसा मुलाचा. डब्ल्यू. के. केलॉग यांचे चिरंजीव जॉन. ते आणि त्यांच्या पत्नी हेलन यांच्या नावाच्या प्रतिष्ठाननं १९७९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला एक कोटी डॉलर दिले. १९०८ पासून चाललेल्या तिथल्या व्यवस्थापनाच्या शाळेवर मग केलॉग नावाची पाटी लागली. शिकागोच्या उत्तरेला, सरोवराकाठी एव्हन्स्टन म्हणून गाव आहे, तिथे."

"पाट्या आपल्याकडेही अशाच लागतात. तू तेजपूरचं सांग."

"दीपक जैन. जन्म १९५७ चा. तेजपूरच्याच दरंग कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र केलं, मग गुवाहाटीला गणिती संख्याशास्त्रात पदव्युत्तर…"

"संख्याशास्त्र?" नळीचं पाणी एकाच कुंडीत वाहतंय याकडे काकूंचं लक्षच नव्हतं. "आमच्यातला माणूस! मग हा मार्केटिंगमध्ये कुठून शिरला?"

"डॅलसला पीएचडी केली, १९८७ मध्ये. तिथे फ्रँक बास म्हणून कुणी होते…"

"कुणी काय म्हणतेस! बास म्हणजे बास! १९६९ चा लेख आहे त्यांचा. मी एमएस्सीच्या मुलांना तो मुद्दाम उलगडून दाखवायची, अभ्यासक्रमात नव्हता तरी. गंमत म्हणजे लेखाच्या नावातच छपाईची चूक आहे. 'मॉडेल' हा शब्द भलत्याच जागी जाऊन बसलाय आणि आजतागायत तिथेच आहे."

मग काकूंनी मला कुंपणावरूनच शिकवायला घेतलं. नवी वस्तू बाजारात आली की काही माणसं कुणालाही न विचारता घेऊन टाकतात. बाकीची आधी शेजारी बघतात. शेजारणीनं घेतलं, चांगलं चाललंय म्हणाली, की मग यांच्या घरात. बास यांनी या दोन ओढींना दोन आकडे दिले आणि एकाच समीकरणात बसवले. अकरा वस्तूंवर ताडून पाहिलं : रेफ्रिजरेटर, कपडे वाळवायचं यंत्र, वाफेची इस्त्री, गवत कापायचं यंत्र, असल्या. रंगीत टीव्हीची विक्री १९६८ च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल, हे त्यांनी आधी सांगितलं, तेव्हा कंपन्या मात्र विक्री चढतच राहणार या हिशेबानं कारखाने वाढवत होत्या. खरे ठरले बास.

"पुढे कुणी कुणी खूप अभ्यासांची सरासरी काढली," काकू म्हणाल्या. "आपल्या आपण घेणाऱ्यांचा आकडा येतो ०.०३ आणि शेजाऱ्याचं बघून घेणाऱ्यांचा ०.३८. नुसते आकडे बघितले तरी शेजारी बारापट भारी. आता सांग, आपण इथे उभ्या राहून बोलतो ते वेळ घालवणं आहे का?"

हे वाक्य त्यांनी ओसरीकडे तोंड करून, जरा मोठ्यानं म्हटलं. ओसरीवर काका पेपर वाचत बसले होते.

"तर तुमचे हे जैन," मी धागा पकडला, "बास आणि त्रिची कृष्णन यांच्याबरोबर १९९४ मध्ये याच सूत्रावर लिहिते झाले. सूत्रात किंमत नाही, जाहिरात नाही, तरी ते इतकं चपखल कसं बसतं, हा त्या निबंधाचा प्रश्न."

"हा खरा संख्याशास्त्र्याचा प्रश्न. चाललंय ना, मग चालू दे, असं आम्ही म्हणत नाही. का चालतंय ते विचारतो."

"त्याआधी १९९१ मध्ये आणखी एक निबंध. एखादी वस्तू घरात पुन्हा कधी घेतली जाते, त्या वेळेचं गणित. घराघरांतल्या खरेदीच्या नोंदी घेऊन."

"म्हणजे साखर कधी संपेल ते. त्यासाठी नोंदी कशाला, मला विचारायचं." काकूंनी नळ बंद केला. "बरं, म्हणजे अभ्यासू होता. मग डीन व्हायची अवदसा कशी आठवली?"

अवदसा हा शब्द काकूंचाच. प्राचार्यपद त्यांनी स्वतः नाकारलं होतं, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यांनीच सांगितलंय.

हळूहळू झालं ते. १९८६-८७ च्या सुमारास जैन केलॉगमध्ये शिकवायला आले. मुलांना आवडले. नव्वदीच्या दशकात शिकवण्याबद्दल सिडनी लेव्ही यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये सहयोगी डीन आणि २००१ मध्ये डीन. आणि बसले कोणाच्या खुर्चीत? डोनाल्ड जेकब्ज यांच्या. ते २६ वर्षं डीन होते, १९७५ पासून.

"सव्वीस वर्षं! मग त्या खुर्चीला माणसाचा आकारच आला असेल."

आलाच होता. आणि इथे मला काकूंना एक गोष्ट सांगायची होती, कारण भाच्यानं सांगितल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९८८ पर्यंत मोठ्या शाळांचा मान बहुतेक जुन्या नावावरच चाले, हार्वर्ड, स्टॅनफर्ड वगैरे. त्या वर्षी 'बिझनेसवीक'नं वेगळंच केलं. नुकत्याच पास झालेल्या मुलांना आणि नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांना विचारलं, तुम्ही खूश आहात का? आणि पहिला नंबर आला केलॉगचा. हार्वर्ड नाही, स्टॅनफर्ड नाही. १९९० ला पुन्हा, १९९२ ला पुन्हा.

"हे तर गिऱ्हाइकालाच विचारणं झालं," काकू म्हणाल्या.

"तेच ना! आणि ज्या शाळेत मार्केटिंगचे गुरू कोटलर बसत होते तिला गिऱ्हाईक म्हणजे काय ते कुणी शिकवायला हवं?"

फिलिप कोटलर यांचं नाव काढल्यावर ओसरीवरून काकांनी चष्मा वर केला. त्यांच्या धाकट्या मुलानं एमबीए करताना कोटलरचं ते जाडजूड पुस्तक उशाला घेऊन झोपायची सवय लावून घेतली होती. कोटलर १९६२ मध्ये या शाळेत आले, १९६७ मध्ये पुस्तक आलं. कोटलर आणि ते वर म्हटलेले लेव्ही या दोघांनी १९६९ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मार्केटिंग फक्त साबण विकणाऱ्यांचं नाही, ते चर्चलाही लागतं, इस्पितळालाही लागतं, विद्यापीठालाही लागतं. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली होती. म्हणजे बघा, एकाच १९६९ साली बास सांगताहेत की शेजाऱ्याच्या बोलण्यानं माल खपतो, आणि कोटलर-लेव्ही सांगताहेत की शाळासुद्धा खपवावी लागते. या दोन्ही घराण्यांत वावरलेला माणूस ३२ वर्षांनी डीन झाला.

"मग नंबर आला का?" काकांना निकालाशी मतलब.

"आला ना. मधल्या चार वेळा तो व्हार्टन या दुसऱ्या शाळेनं पळवला होता, १९९४ पासून २००० पर्यंत. २००२ आणि २००४ ला परत केलॉग. २००६ ला मात्र गेला तो थेट शिकागो विद्यापीठाकडे. म्हणजे शेजारच्याच शहरात."

"शेजारणीनंच नेला की," काकू म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या नंबरांच्या प्रकारात एक गोम आहे. खूश आहात का, असं विचारलं की खूश ठेवणं हेच काम होऊन बसतं. गणिताचा कच्चा मुलगा नापास झाला तर तो खूश कसा असेल? काकू हे माझ्याआधी बोलल्या, आणि अधिक तिखट शब्दांत, ते इथे लिहीत नाही.

पण डीनचं काम कुणी नीट सांगतच नाही. आपल्याला वाटतं, मोठा मास्तर म्हणजे डीन. प्रत्यक्षात तो बाई फार कमी शिकवतो. जुन्या विद्यार्थ्यांकडे जाऊन देणग्या मागायच्या, कंपन्यांना कॅम्पसवर आणायचं, दुसऱ्या शाळेचा चांगला प्राध्यापक फोडायचा, आपला फुटू द्यायचा नाही, आणि विमानात झोपायचं. जैन बसले तेव्हा इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटलेला, पाठोपाठ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, मुलांना नोकऱ्या मिळेनात. तरी २००६ मध्ये मायामीला मोठ्या नोकरदारांसाठी केलॉगची शाखा निघाली. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी) २००१ मध्ये सुरू झाली तीही केलॉग आणि व्हार्टनच्या जोडीनं. वर कंपन्यांची संचालकपदं. आपल्या मुंबईच्या रिलायन्सवर जैन २००५ मध्ये आले. आणि जॉन डीअर.

"ट्रॅक्टरवाले?" आता काका खुर्चीतून उठून कुंपणाशी आले. "आमच्या भावाकडे आहे हिरवा. सणसवाडीला त्यांचा कारखाना आहे."

"तेच. त्याही कंपनीच्या मंडळावर हे होते."

"मग त्यांना सांग, सुटे भाग महाग आहेत."

"अहो, ते डीन होते, डीलर नव्हते," काकू म्हणाल्या.

२००९ मध्ये जैन यांनी केलॉगची खुर्ची सोडली. मला वाटलं, आता फळा-खडू. कुठलं! २०११ मध्ये फ्रान्सला, फोंतेनब्लोच्या इन्सिआदचे डीन. ती शाळा निघाली १९५७ मध्ये, म्हणजे डीन आणि शाळा एकाच वयाचे. त्या वर्षी तर कमालच होती. हार्वर्डला नितीन नोहरिया, पवईच्या आयआयटीत शिकलेले, शिकागोला सुनील कुमार, इन्सिआदला जैन. तिन्हीकडे आपलीच माणसं. पण इन्सिआद दोनच वर्षं. २०१४ मध्ये बँकॉकच्या सासिनला संचालक. तीही १९८२ मध्ये केलॉग-व्हार्टनच्या मदतीनंच उभी राहिलेली, म्हणजे माहेरचंच घर. तिथून शांघायच्या सीब्स या चीन-युरोपच्या संयुक्त शाळेत, युरोपच्या बाजूचे अध्यक्ष.

"एव्हन्स्टन, फोंतेनब्लो, बँकॉक, शांघाय," काकूंनी बोटं मोजली. "तेजपूरचं कॉलेज कुठल्या कुठे राहिलं. एक सांग, सगळीकडे मार्केटिंगवालेच डीन होतात का?"

इथे मी जरा फुशारले. म्हटलं, बघा ना, व्हार्टनला २००७ ते २०१४ थॉमस रॉबर्टसन, मार्केटिंगचे. नवी गोष्ट लोकांत पसरते कशी, हाच त्यांचा अभ्यास. आयएसबीला २००२ मध्ये विजय महाजन, मार्केटिंगचे, बास यांच्याबरोबर लिहिलेले. पुढे तिथेच राजेंद्र श्रीवास्तव, तेही मार्केटिंगचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून काय पसरतं ते ज्यांनी मोजलं, त्यांनाच या खुर्च्या मिळतात.

"थांब, थांब." काकूंमधली बाई जागी झाली. "तू तुला हवी तीच उदाहरणं वेचलीस. केलॉगला जैन गेल्यावर कोण आलं?"

तात्पुरते सुनील चोप्रा, ते ऑपरेशन्सचे. मग सॅली ब्लाउंट, त्या संघटनावर्तनाच्या. त्यानंतर फ्रान्सेस्का कॉर्नेली, फायनान्सच्या. इन्सिआदला जैन यांच्या जागी इलियान मिहोव, अर्थशास्त्रज्ञ. आणि खुद्द जेकब्ज तर बँकिंगचे होते. त्यांनीच शाळा वर आणली. सगळ्यांत मोठे मार्केटिंगवाले कोटलर, ते कधी डीन झालेच नाहीत.

"म्हणजे नमुना लहान, आणि तोही वेचलेला," काकूंनी निकाल दिला. "एवढंच म्हण, की मार्केटिंगचा माणूस या कामाला परका नसतो. मागायला लाजत नाही. पण त्यात एक चांगला शिकवणारा वर्गाबाहेर जातो, हा हिशेब कुठल्या मासिकाच्या नंबरात येत नाही. मला विचारशील तर मी त्या माणसाला १९९४ च्या निबंधासाठी ओळखेन. तुझ्या भाच्याला सांग, डीन कोण ते बघू नकोस, पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र कोण शिकवतं ते बघ."

भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ते वेबसाइटवर पटकन सापडत नाही.

आणि शांघायचं राहिलंच. तिथे जैन यांच्या खुर्चीवर २०२२ मध्ये आले दोमिनिक तुर्पां, आधी स्वित्झर्लंडच्या आयएमडीचे प्रमुख. मार्केटिंगचेच प्राध्यापक. हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही.