पावतीवाले गुरुजी

पुसदला दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक म्हणजे एकाच घरानं राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. दुसरी म्हणजे इथल्या निवृत्त गुरुजींच्या मुदत ठेवी. पहिली गोष्ट गाव येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं, दुसरी घरात बायकोलाही सांगत नाही. वसंतराव १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिले. आमच्या शेजारच्या गुरुजींची एक पावती नूतनीकरण होत होत त्यांच्याही पुढे गेली.

असे गुरुजी प्रत्येक कॉलनीत एक तरी निघतातच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन सुरू, घर स्वतःचं, अंगणात कढीपत्ता. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत रबरानं बांधलेली पासबुकं. भेटल्यावर लोक तब्येत विचारतात, गुरुजी थेट मुद्द्यावर येतात : "काय भाऊ, तुमची बँक किती देऊन राह्यली?" नातू कितवीत आहे हे त्यांना आठवून सांगावं लागतं. गावातल्या सगळ्या बँकांचे व्याजदर मात्र झोपेतून उठवलं तरी पाठ.

पाव टक्का जास्त मिळतोय असं कळलं की गुरुजींची ठेव हलते. पाव टक्का म्हणजे लाखामागे वर्षाला २५० रुपये. तेवढ्यासाठी ते भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा बांधून, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जातात. ऑटोचे पैसे द्यायचे तर पाव टक्क्याला अर्थ काय उरला? घरी कूलर आहे. त्यात पाणीही भरलेलं असतं. पण पंप लावायचा तो पाहुणे आल्यावर. एरवी नुसता पंखा, आणि त्याच्यासमोर गुरुजी ओला पंचा अंगावर घेऊन बसलेले.

म्हातारपणाची माणसाला भीती वाटते म्हणतात. गुरुजींना ती एक सरकारी योजना वाटते. साठ पूर्ण झाली तेव्हा ठेवीवर अर्धा टक्का वाढला. पासष्टीला एसटीचं तिकीट अर्धं झालं. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, म्हणून पंढरपूर, शेगाव, मोठ्या बहिणीचं घर, सगळं पंचाहत्तरीनंतर. पुढे ऐंशी झाली की काही बँका आणखी थोडं जास्त देतात, तेही त्यांच्या नजरेत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून लग्नाकार्याला आणि तेराव्याला गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, एकट्याच जातात. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. वर्षभरातलं हे एकच काम गुरुजी अंगठा पुढे करून, हसत हसत करतात.

काकूंना नवऱ्याची सांपत्तिक स्थिती कळली ती आयकर खात्याच्या कृपेनं. बँकेचं टीडीएसचं पत्र पोस्टमननं चुकून त्यांच्या हातात दिलं. "चाळीस वर्षं संसार केला," त्या आमच्या घरी येऊन म्हणाल्या, "अन् पैसे हायेत हे मले कागदानं सांगतलं." गुरुजींना दुःख वेगळंच होतं. कर कापू नका म्हणून बँकेला द्यायचा पंधरा एच फॉर्म भरायचा राहिला होता.

टीडीएस चुकवायला म्हणून गुरुजींनी पैसे चार बँकांत विभागले. (टीडीएस चुकला तरी कर चुकत नाही, हे त्यांना दरवर्षी जुलैत नव्यानं समजतं.) पण या चुकवाचुकवीत नकळत एक शहाणपण घडलं. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत भरपाई देतं. २०२० च्या फेब्रुवारीआधी ही मर्यादा फक्त १ लाख होती. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. तिथं गुरुजी एकदा दीड टक्का जास्त मिळतो म्हणून गेले होते. नियम वाचले का असं विचारलं तर म्हणाले, "वाचाचं कायले? अध्यक्ष आपला विद्यार्थी होता." विद्यार्थी गणितात कच्चा होता हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही. ते पैसे अजून यायचे आहेत.

याच गुरुजींनी मुलीच्या लग्नात हजार पानं उठवली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून भाजीवालीशी हुज्जत घालणारा माणूस मंडपवाल्याला "होऊ द्या" म्हणाला. नातेवाइकांना दिसेल तो खर्च कर्तव्य आणि स्वतःला सुख देईल तो खर्च उधळपट्टी, असा त्यांचा सरळ हिशेब. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "शिबिर लागते ना बाप्पा कधी न् कधी फुकटातलं." आरोग्य विमा घ्या म्हटलं तर : "अन् आजारी नाही पडलो तर? पैसे बुडाले नं मंग!"

हसू येतं खरं. पण गुरुजी विशीत होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला होता. डीएडला जायच्या आधी ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि घरी परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी होत्या. बापाची कोरडवाहू कपाशी. त्याच सुमारास सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, तरी कापूस जायचा आज आणि पैसे यायचे केव्हातरी. मधल्या काळात किराणा उधारीवर, आणि दुकानदार उधारी मागायचा ती चारचौघांत. त्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या मुलानं पुढे पहिल्या पगारापासून ठेव टाकली, यात कंजूषपणा नव्हता. मग १९८८ मध्ये किसान विकास पत्र आलं. साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट! गुरुजींची श्रद्धा तिथं कायमची बसली. आज त्याच पत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. दर बदलला, महागाई बदलली, खुद्द दुष्काळ जाऊन पन्नास वर्षं झाली. गुरुजी अजून त्याच्याच तयारीत आहेत. हप्त्यावर फोन आणि हप्त्यावर गोवा करणाऱ्या त्यांच्या पुण्याच्या मुलाला मी शहाणा म्हणणार नाही, पण तो निदान रात्री एसी लावून झोपतो.

गेल्या दिवाळीत नागपूरहून मुलगी आली. ती एका ऑफिसात हिशेब बघते, तेव्हा गुण बापाचाच. तिनं कापडी पिशवी पलंगावर रिकामी केली. गुरुजी दारात उभे, चेहरा झडती चालल्यासारखा. चौथी पावती उघडून ती थांबली.

"बाबा, नॉमिनी म्हणून आजीचं नाव हाये."

"मंग? आईच होती ना माही."

"आजीले जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुम्हाले काही झालं तर बँकेत तिले बोलवाचं का?"

"मले काय होते?"

पाच पावत्यांवर आजीच निघाली. स्वर्गवासी आजी कॉलनीतली सर्वांत श्रीमंत बाई ठरली असती. काकू पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या, आणि मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

त्या रात्री दोनशे पानी वही काढून मुलीनं सगळं लिहून घेतलं. बँक, शाखा, रक्कम, मुदत, नॉमिनी. वहीचं शेवटचं पान मृत्युपत्रासाठी ठेवलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "सणासुदीचं शुभ बोल." ते पान अजून कोरंच आहे. मग मुलीनं जुनी खातीही शोधली. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि ते शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. तिथं गुरुजींचं पहिल्या नोकरीच्या गावचं एक विसरलेलं बचत खातं सापडलं. पैसे सापडल्याचा आनंद फार टिकला नाही. अशा रकमेवर फक्त ३ टक्के सरळव्याज मिळतं हे कळल्यावर गुरुजी जेवले नाहीत.

नॉमिनी बदलायला ते काकूंना घेऊन बँकेत गेले. लग्नानंतर दोघं मिळून बँकेत जायची ही पहिलीच वेळ. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. टक्के हा शब्द ऐकताच गुरुजी खुलले. बायको, मुलगा, मुलगी यांत शंभर सारखे वाटेनात. ३३, ३३ आणि ३३ झाल्यावर एक उरला. क्लार्कला थांबवून त्यांनी बराच विचार केला आणि तो एक काकूंना दिला. काकू आता तो जास्तीचा टक्का शेजारणींना सांगत असतात.

वहीत मुलीनं एक जास्तीचा रकाना आखला आहे : स्वतःवरचा खर्च. पहिला महिना तो कोराच गेला. दुसऱ्या महिन्यात गुरुजींनी त्यात 'दाढीचं ब्लेड' लिहिलं. तिसऱ्या महिन्यात दोघं माहूरला जाऊन आले, एसटीनंच, पण आल्यावर हॉटेलात जेवले, आणि तो आकडा गुरुजींनी काकूंकडून लिहून घेतला. या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, शिबिरात नव्हे, पैसे भरून. आता त्यांना पासबुकातले बारीक आकडेही लांबून दिसतात. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चनंतर आहे. तेव्हा एक ठेव मुदत संपून मोकळी होते, आणि आधी मोडली तर एक टक्का कापतात.