मुहूर्तराव

मुहूर्तराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात मराठी मंडळी पुष्कळ, आणि मराठी मंडळी पुष्कळ असली की टोपणनावांना तोटा नसतो. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणी कबूल करत नाही. पण ते इतकं चिकटलं की एकदा मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरही तेच छापून आलं, आणि त्यांनी ती पावती हसत खिशात घातली.

कशाचाही आरंभ झाला की या गृहस्थांना ते काम तडीला गेल्याचा आनंद होतो. एकांकिकेची पहिली तालीम, तालीम कसली, नुसतं वाचन, त्यातही नायक गैरहजर, ती संपते न संपते तोच हे उठून म्हणणार, "डॅलसच्या मराठी अधिवेशनात हीच न्यायची. लिहून ठेवा!" परसात मेथीला दोन पानं फुटली की घरोघर फोन: "यंदा मेथी विकत घेऊ नका." ट्रेडमिलचं खोकं दारात आलं त्याच दिवशी त्यांनी मोठ्या मापाच्या पँटी दान करून टाकल्या. नंतर तसल्याच नव्या घ्याव्या लागल्या, पण ती गोष्ट नंतरची, आणि 'नंतर' या खात्याशी त्यांचा संबंध नाही.

अशा माणसाला बास्केटबॉल सापडला यात नवल नाही. आमच्याकडे त्यापासून लांब राहणंच अवघड. ड्यूक आणि चॅपल हिल ही दोन हाडवैरी विद्यापीठं एकमेकांपासून जेमतेम दहा मैलांवर, आणि त्याच टापूतल्या रिसर्च ट्रँगल पार्कात आम्हा सगळ्यांची पोटापाण्याची सोय. मुहूर्तराव स्वतः शाळेत खो-खोच्या पलीकडे गेले नाहीत. ड्यूकशी त्यांचं नातं एका निळ्या टी-शर्टापुरतं, तोही सेलमधला. पण कॉलेजच्या संघाचा हंगाम नोव्हेंबरात, दिवाळीच्या आसपास सुरू होतो, हे कळल्यापासून ते त्या खेळाचे झाले.

2018 साली तर योग असा जुळून आला की विचारू नका. पहिला सामना 6 नोव्हेंबरच्या रात्री, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. ड्यूकचा चौथा क्रमांक, समोर दुसऱ्या क्रमांकाचं केंटकी. आणि ड्यूकचा सगळा भार एफवायच्या पोरांवर! हायस्कूल सुटल्यावर वर्षभर थांबल्याशिवाय एनबीए ही व्यावसायिक लीग घेत नाही, म्हणून असली अचाट मुलं एक वर्ष कॉलेजात काढतात आणि उडून जातात. त्यात झायन विल्यमसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा, वजन सव्वाशे किलोंच्या वर आणि उडी मात्र मांजराची.

त्या रात्री मी त्यांच्याकडेच होतो. आत चकल्यांचा घाणा चाललेला, बाहेर हे सोफ्याच्या कडेला अर्धवट टेकून. बॅरेट 33, विल्यमसन 28, रेडिश 22. तीन पोरांचे मिळून 83 गुण, आणि केंटकीच्या अख्ख्या संघाचे 84. ड्यूकने 118-84 असा फडशा पाडला. मुहूर्तराव हातातली चकली तशीच धरून उभे राहिले.

"संपला हंगाम," ते म्हणाले. "आता नुसती औपचारिकता."

आतून आवाज आला, "अहो, अठरा वर्षांची पोरं ती. आपल्या अठरा वर्षांच्याला आधी सकाळी नऊला उठवून दाखवा."

त्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एप्रिलच्या अंतिम फेरीसाठी मिनिआपोलिसचं हॉटेल ठरवून टाकलं. स्वस्त म्हणून पैसे परत न मिळणारं.

आठवड्याभरात ड्यूक पहिल्या क्रमांकावर गेलं. हा संघ एनबीएतल्या क्लीव्हलँडला हरवेल का, अशी चर्चा देशभर रंगली होती. मुहूर्तराव त्यात फक्त 'किती गुणांनी' एवढंच बोलत. आम्ही बाकीचे "बघू पुढं काय होतंय" म्हणणारे. असं म्हणणारा कधी चुकत नाही आणि त्याला कुणी सामना बघायला बोलावतही नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी माऊईत गोंझागाने ड्यूकला 89-87 हरवलं. मुहूर्तराव म्हणाले, "दृष्ट लागली होती, उतरली." फेब्रुवारीत चॅपल हिलविरुद्ध पहिल्या मिनिटातच विल्यमसनचा बूट उसवून तळवा बाहेर आला. सामना गेला, गुडघा दुखावला, खुद्द ओबामा बघायला आले होते. "बूट फाटलाय, नशीब नाही," असा यांचा निरोप ग्रुपवर हजर.

31 मार्चला राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेरीत मिशिगन स्टेटविरुद्ध पाचेक सेकंद उरली असताना ड्यूक दोन गुणांनी मागे, बॅरेटच्या हातात दोन फ्री थ्रो. पहिला हुकला. आता दुसरा मुद्दाम हुकवायचा, म्हणजे उसळलेला चेंडू पकडून बरोबरी साधता येईल. तो नेमका आत गेला! 68-67, खेळ खलास. त्या संध्याकाळी मी फोन केला नाही. दहा मिनिटांत त्यांचाच आला: "पुढच्या वर्षी येणारी पोरं बघितलीत का?"

हॉटेलचे पैसे भरलेले, म्हणून गृहस्थ मिनिआपोलिसला गेले. तिकीट नव्हतंच, अंतिम सामना हॉटेलच्या टीव्हीवर पाहिला. जिंकलं व्हर्जिनिया. आदल्या वर्षी सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून पहिल्याच फेरीत वीस गुणांनी हरलेलं, त्याच जुन्या-जाणत्या पोरांना घेऊन परत उभं राहिलेलं. मुहूर्तरावांचा मेसेज आला: "हार केवढी घसघशीत होती बघा. याला म्हणतात सुरुवात!"

पुढल्या नोव्हेंबरात ड्यूकने कॅन्ससला दोन गुणांनी हरवलं मात्र, यांनी ॲटलांटाचं हॉटेल ठरवलं. तीन आठवड्यांनी स्टीफन एफ. ऑस्टिन या, आमच्यापैकी कुणी नावही न ऐकलेल्या संघाने ड्यूकला घरच्या मैदानावर हरवलं. मग 2020च्या मार्चमध्ये करोना आला आणि स्पर्धाच रद्द झाली. त्याआधी ड्यूकचा शेवटचा सामना झाला तो चॅपल हिलशी, आणि तो ड्यूकने जिंकला.

हाच आपला सर्वांत यशस्वी हंगाम, असं मुहूर्तराव ठासून सांगतात. "शेवटचा सामना जिंकतो तो विजेता. आपण शेवटचा सामना जिंकला. यात चूक काय ते दाखवा." चूक दाखवायला गेलं की ते आणखी एक पुरावा पुढे करतात: त्या वर्षी हॉटेलवाल्याने पैसेसुद्धा पूर्ण परत दिले.